डोमेनचे पैसे नक्की कशाचे?

2025 च्या उत्तरार्धात देशभरातल्या बँकांनी खातेदारांना कळवायला सुरुवात केली की आमच्या वेबसाइटचा पत्ता बदलतोय, यापुढे तो ‘डॉट बँक डॉट इन’नं संपेल. रिझर्व्ह बँकेनं त्या वर्षी फेब्रुवारीत ही घोषणा केली होती आणि बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंतची मुदत दिली होती. नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या, त्यामुळे महाराष्ट्रात हा बदल तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. खातेदारांना शंका येणं साहजिक होतं. पत्त्याच्या शेपटाला दोन शब्द बदलून फसवणूक कशी कमी होणार? भामटेही तसाच पत्ता घेतील की.

त्यांना तो घेता येत नाही. का घेता येत नाही, हे समजलं की डोमेन नेमची, म्हणजे वेबसाइटच्या अशा नावांची, सगळी व्यवस्था समजते. आणि स्वतःच्या दुकानासाठी, संस्थेसाठी किंवा शाळेसाठी असं नाव घेणाऱ्याला ती समजणं फार गरजेचं आहे, कारण त्यातले बहुतेक घोटाळे तंत्रज्ञानाचे नसतात. नाव कुणाच्या नावावर नोंदलंय याकडे वेळेवर न पाहिल्याचे असतात.

आधी आकडे होते, मग नावं आली

इंटरनेटवरचा प्रत्येक सर्व्हर, म्हणजे वेबसाइट ज्यावर ठेवलेली असते तो संगणक, आकड्यांच्या पत्त्यानं ओळखला जातो. त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. उदाहरणार्थ 8.8.8.8 हा गूगलच्या एका सेवेचा पत्ता आहे. हा सोपा निघाला, पण बाकीचे लक्षात ठेवणं माणसाला जमत नाही. शिवाय सर्व्हर बदलला की आकडाही बदलतो.

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यात यावर साधा उपाय होता. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट एक यादी सांभाळायचा. कोणत्या संगणकाचं नाव काय आणि आकडा काय, एवढंच तिच्यात असायचं. नवा संगणक जोडला की या गटाला कळवायचं, मग बाकीच्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. संगणक वाढले तशी यादी जुनी पडायला लागली, एकच नाव दोघांनी घ्यायची भीती निर्माण झाली. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यावर जी रचना मांडली, तीच आज आपण वापरतो. तिचं नाव डोमेन नेम सिस्टिम, थोडक्यात डीएनएस. तिच्यातली कल्पना अशी की सगळी यादी एका ठिकाणी ठेवायचीच नाही. प्रत्येकानं फक्त आपल्या खालच्या पातळीची नोंद ठेवायची आणि पुढचं कुणाला विचारायचं ते सांगायचं.

नाव उजवीकडून वाचायचं

‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ हा पत्ता तुम्ही फोनमध्ये टाकला की फोन तुमच्या इंटरनेट कंपनीच्या एका सर्व्हरला विचारतो: याचा आकडा काय? त्या सर्व्हरला माहीत नसेल तर तो अगदी वरच्या पातळीवर, म्हणजे रूट सर्व्हरकडे जातो. रूट सर्व्हर 13 नावांनी ओळखले जातात आणि 12 संस्था ते चालवतात. प्रत्यक्षात त्यांच्या प्रती जगभर हजारापेक्षा जास्त ठिकाणी आहेत, मुंबईतही आहेत. रूटला एसबीआय माहीत नसतं. तो एवढंच सांगतो की ‘डॉट इन’ची नोंद अमुक सर्व्हरकडे आहे. ‘डॉट इन’वाला ‘बँक डॉट इन’कडे पाठवतो, तिथून स्टेट बँकेच्या स्वतःच्या नोंदीचा पत्ता मिळतो, आणि शेवटचा आकडा तिथे सापडतो. या सगळ्याला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

मग प्रत्येक वेळी एवढी विचारपूस होते का? नाही. मिळालेलं उत्तर मधला सर्व्हर काही काळ लक्षात ठेवतो. किती काळ, ते नावाचा मालकच सेकंदांत ठरवतो. 3600 म्हणजे एक तास, 86400 म्हणजे एक दिवस. या मर्यादेला टीटीएल म्हणतात. वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली की काही लोकांना नवी आणि काहींना जुनी का दिसते, याचं कारण हेच. सर्व्हर हलवायच्या आदल्या दिवशी ही मर्यादा 300 सेकंदांवर आणून ठेवली तर गोंधळ पाच-दहा मिनिटांत आटपतो. मात्र नावाच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर, म्हणजे नेमसर्व्हरच बदलले तर ‘डॉट कॉम’च्या बाबतीत 48 तास धरून चाला. ती मर्यादा ‘डॉट कॉम’च्या पातळीवर ठरलेली असते, आपल्याला बदलता येत नाही.

आता बँकेच्या प्रश्नाकडे येऊ. उतरंड उजवीकडून डावीकडे असल्यानं खरा मालक उजव्या टोकापासून ठरतो. ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’मध्ये उजवीकडे ‘बँक डॉट इन’ आहे आणि त्याखाली नाव देण्याचा अधिकार एकाच संस्थेकडे आहे, हैदराबादच्या आयडीआरबीटीकडे. ही रिझर्व्ह बँकेनं स्थापन केलेली संस्था आहे आणि ती बँकांनाच नाव देते. पण एखाद्यानं ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असा पत्ता पाठवला, तर त्याचा मालक ‘अमुकतमुक डॉट कॉम’वाला आहे. डावीकडे त्यानं काय लिहायचं यावर कुणाचंही बंधन नाही. फोनच्या छोट्या पडद्यावर लांब पत्त्याचा डावा भागच तेवढा दिसतो, आणि फसवणूक करणारे नेमका याचाच फायदा घेतात. म्हणून सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून, त्यानंतर येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं. तिथे ‘बँक डॉट इन’ नसेल तर बँकेचा पासवर्ड टाकू नका. पत्त्याशेजारचं कुलूपही इथे उपयोगाचं नाही. मधल्या वाटेत कुणी माहिती वाचत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही हे त्यातून कळत नाही. तसं कुलूप फुकट मिळतं, भामट्यालाही मिळतं.

पैसे कुणाकडे जातात

सुरुवातीला नावं फुकट होती. ‘सिंबॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिलं ‘डॉट कॉम’ नाव 15 मार्च 1985 ला नोंदलं गेलं, तेव्हा त्याला काही पडलं नाही. 1995 च्या सप्टेंबरपासून अमेरिकेत पहिल्या दोन वर्षांचे 100 डॉलर घ्यायला सुरुवात झाली. 1998 मध्ये आयकॅन ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि जागतिक पातळीवर नावांचे नियम ठरवण्याचं काम तिच्याकडे आलं.

आज तुम्ही ‘डॉट कॉम’ नाव घेता तेव्हा तुमचे पैसे तीन जणांत वाटले जातात. पहिली रजिस्ट्री, म्हणजे त्या शेपटाचं मुख्य दप्तर सांभाळणारी कंपनी. ‘डॉट कॉम’ची रजिस्ट्री व्हेरिसाइन आहे आणि 1 सप्टेंबर 2024 पासून तिचा घाऊक दर नावामागे वर्षाला 10.26 डॉलर झाला, म्हणजे साधारण नऊशे रुपये. दुसरी आयकॅन, जी वीस सेंटच्या आसपास घेते. तिसरा रजिस्ट्रार, म्हणजे ज्याच्याकडून तुम्ही प्रत्यक्ष नाव घेता तो किरकोळ विक्रेता. त्याचा नफा आणि वर 18 टक्के जीएसटी धरून आपल्याकडे ‘डॉट कॉम’ वर्षाला हजार ते दीड-दोन हजारांपर्यंत पडतं. ‘डॉट इन’ची रजिस्ट्री निक्सी ही भारतातली ना-नफा संस्था आहे. ‘गव्ह डॉट इन’ ही सरकारी नावं मात्र एनआयसी ही केंद्र सरकारची संगणक संस्था देते, ती बाजारात मिळत नाहीत.

घाऊक दर नऊशेचा असताना जाहिरातीत ‘डॉट कॉम फक्त 99 रुपये’ कसं असतं, असा प्रश्न पडेल. रजिस्ट्रार पहिल्या वर्षी तोटा सोसतो आणि तो पुढच्या नूतनीकरणात, होस्टिंगमध्ये (वेबसाइट ठेवण्याच्या जागेच्या भाड्यात) किंवा ईमेलच्या पॅकेजमध्ये भरून काढतो. त्यामुळे नाव घेताना पहिल्या वर्षाचा आकडा बघण्यात अर्थ नाही. नूतनीकरणाचा दर बघा, तो त्याच पानावर बारीक अक्षरात दिलेला असतो. नव्या-नव्या शेपटांच्या बाबतीत हा फरक दहापट, वीसपटही असू शकतो.

कॉम्प्युटरमधल्या एका ओळीचे एवढे पैसे?

हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. नोंदीची ओळ साठवायला खरोखरच काही पैसे लागत नाहीत. पैसे असतात ते त्या नावावरच्या एकट्याच्या हक्काचे. महापालिकेच्या मंडईतला गाळा जसा आपल्या मालकीचा होत नाही, परवान्यानं मिळतो, तसंच हे आहे. मंडईच्या नोंदवहीत नाव लागलं की तिथे दुसरा कुणी बसू शकत नाही. दरवर्षी भाडं भरायचं, थकलं तर नोटीस येते, आणि तरी भरलं नाही तर गाळा दुसऱ्याला जातो. गिऱ्हाईक वीस वर्षं त्या गाळ्यावर येत असेल, पण नोंदवहीत भाच्याचं नाव असेल तर उद्या भाचाच मालक. डोमेन जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी एका वेळी घेता येतं. कायमचं कुणालाच मिळत नाही, गूगललाही नाही.

पण मग ते फुकट का देत नाहीत? हा प्रयोग झालेला आहे. फ्रीनॉम नावाच्या कंपनीनं ‘डॉट टीके’सारखी पाच देशांची शेपटं अनेक वर्षं फुकट वाटली. एक नाव बंद पडलं की भामटा दुसऱ्या मिनिटाला दहा नवी घ्यायचा, त्यामुळे बनावट बँकांची पानं त्या नावांवर खच्चून भरली. मेटा कंपनीनं फ्रीनॉमवर खटला भरला, 2023 मध्ये नवी नोंदणी बंद झाली, आणि 2024 च्या सुरुवातीला कंपनीनं हा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. थोडी तरी किंमत असली की हजारो नावं अडवून ठेवणं महाग पडतं, हा धडा त्यातून मिळाला.

उलट बाजूही सांगायला हवी. ‘डॉट कॉम’चा घाऊक दर करारानं ठरतो, स्पर्धेनं नाही. 2021 ते 2024 या चार वर्षांत तो दरवर्षी 7 टक्क्यांनी वाढला, आणि नाव वापरणाऱ्याला त्यात बोलायला जागा नव्हती. वीस वर्षं एक नाव वापरणारा माणूस दर वाढला म्हणून ते सोडू शकत नाही. या व्यवस्थेतली ही उणीव खरी आहे.

काही छोट्या देशा-प्रदेशांना मात्र नशिबानं साथ दिली. कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला या ब्रिटनच्या अखत्यारीतल्या बेटाला, देशांना मिळतं तसं, ‘डॉट एआय’ हे शेपूट मिळालं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि 2023 मध्ये त्या बेटाला त्यातून सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलर मिळाले, सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तिथली लोकसंख्या जेमतेम पंधरा-सोळा हजार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: नोंद कुणाच्या नावावर आहे?

आपल्याकडे बहुतेक छोटे व्यावसायिक आणि संस्था स्वतः डोमेन घेत नाहीत. वेबसाइट करून देणारा मुलगा किंवा एजन्सी सगळं एकत्र करून देते आणि वर्षाला एक रक्कम सांगते. त्या रकमेत तीन वेगळ्या गोष्टी असतात: नाव, होस्टिंग म्हणजे वेबसाइट ठेवण्याची जागा, आणि डिझाइन-देखभाल. होस्टिंग बदलता येतं, डिझाइन पुन्हा करता येतं. नाव गेलं तर ते दुसरं मिळत नाही. तरी बिलात सगळ्यात छोटी रक्कम नावाचीच असल्यानं तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पुढे काय होतं? एजन्सीनं नाव स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ईमेलवर नोंदलेलं असतं. दोन-तीन वर्षांनी बिलावरून वाद होतो, एजन्सी बंद पडते किंवा तो मुलगा नोकरीला परदेशी जातो. आता दुकानाच्या पाटीवर, बिलावर, पिशवीवर छापलेल्या नावाची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. रजिस्ट्रारला फोन केला तर तो म्हणतो, आमच्या दप्तरी मालक दुसरेच आहेत. नियमानं त्याचं बरोबर असतं.

म्हणून रजिस्ट्रारकडचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडा आणि एजन्सीला फक्त तांत्रिक बदलांपुरती परवानगी द्या. बहुतेक रजिस्ट्रार अशी वेगळी परवानगी देतात. नोंदणीत ‘रजिस्ट्रंट’ या रकान्यात कुणाचं नाव आहे ते पहा, कारण मालक तोच. संस्था असेल तर संस्थेचंच नाव हवं, सचिवांचं नको. कार्यकारिणी बदलते आणि माजी सचिवांचा फोन लागत नाही. खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. नाव बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो, आणि मग नूतनीकरणाची सूचना, ओटीपी, पासवर्ड बदलायची लिंक, यातलं काहीच तुमच्यापर्यंत पोचत नाही. हा फास स्वतःच्याच हातानं गळ्यात घातला जातो आणि तो फार लोकांना लागलेला दिसतो.

नवं नाव घेतल्यावर आणखी एक गोष्ट अडते. आयकॅनच्या नियमानुसार ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठी रजिस्ट्रारला ईमेल किंवा फोन पडताळून घ्यावा लागतो, आणि 15 दिवसांत प्रतिसाद आला नाही तर नाव स्थगित करता येतं. पडताळणीचं पत्र स्पॅममध्ये जातं, सोळाव्या दिवशी वेबसाइट गायब होते आणि सगळे सर्व्हरला दोष देत बसतात. स्पॅममधलं ते पत्र शोधून लिंक दाबली की काम होतं.

नाव एका रजिस्ट्रारकडून दुसरीकडे न्यायचं असेल तर ऑथ कोड लागतो. तो म्हणजे त्या नावाचा हस्तांतराचा गुप्त क्रमांक. खातेदारानं मागितल्यापासून 5 दिवसांत रजिस्ट्रारनं तो द्यायला हवा, असा आयकॅनचा नियम आहे. नव्या रजिस्ट्रारकडे तो दिला की साधारण 5 ते 7 दिवसांत नाव हलतं. नाव नवंच नोंदलं असेल किंवा नुकतंच हलवलं असेल तर 60 दिवस थांबावं लागतं. एजन्सीशी संबंध चांगले असतानाच हे करून घ्या. भांडणानंतर कोड मिळवायला खूप वेळ जातो.

मुदत संपली तर लगेच नाव जातं का?

नाही, पण वेबसाइट आणि ईमेल लगेच बंद पडू शकतात. ‘डॉट कॉम’मध्ये मुदत संपण्याआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा असताना सूचना पाठवणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे, आणि संपल्यावरही एक सूचना येते. त्यानंतरच्या काळात नेहमीच्या दरानं नूतनीकरण करता येतं. हा काळ जास्तीत जास्त 45 दिवसांचा असतो, पण किती द्यायचा ते रजिस्ट्रार ठरवतो. पूर्ण 45 दिवस मिळतीलच असं धरू नका. पुढे रजिस्ट्रारनं नाव सोडून दिलं की 30 दिवसांचा एक टप्पा येतो. त्यात नाव परत मिळतं, पण त्यासाठी नूतनीकरणाच्या वर काही हजार रुपयांचा दंड भरावा लागतो. त्यानंतरचे 5 दिवस कुणीच काही करू शकत नाही, आणि मग ते नाव जगाला खुलं होतं. आधी आपलं होतं म्हणून पुन्हा पहिला मान आपल्याला मिळत नाही. काही रजिस्ट्रार तर या टप्प्यांची वाट न बघता मुदत संपलेलं नाव लिलावात काढतात.

‘आपोआप नूतनीकरण’ सुरू ठेवलंय म्हणून निर्धास्त राहण्यातही धोका आहे, आणि भारतात तर विशेष. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून ठरावीक काळानं आपोआप जाणाऱ्या रकमेला आधी ग्राहकाची नोंदवलेली संमती लागते. परदेशी रजिस्ट्रारकडे ती सोय नसेल तर व्यवहार नाकारला जातो. कार्डाची मुदत संपलेली असते, कार्ड बदललेलं असतं, हे तर नेहमीचंच. तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये एक महिना आधी टाका, आणि नाव खरोखर महत्त्वाचं असेल तर तीन किंवा पाच वर्षांचे पैसे एकदम भरा.

हे छोट्यांच्याच बाबतीत घडतं असं नाही. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे 35 डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांना आत जाता येईना. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रॅमरनं स्वतःच्या खिशातून ते पैसे भरले.

दुसऱ्यानं आधीच आपलं नाव घेतलं असेल तर

पहिला येईल त्याला नाव, हा मूळ नियम आहे. रजिस्ट्रार नाव देताना तुमचा त्यावर हक्क आहे का हे तपासत नाही. 2023 मध्ये दिल्लीच्या एका तरुणानं दोन कंपन्या एकत्र येणार असा अंदाज बांधून ‘जिओहॉटस्टार डॉट कॉम’ नोंदवून ठेवलं आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्या नावाच्या बदल्यात परदेशी शिक्षणाचा खर्च मागितला, ते प्रकरण खूप गाजलं.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? भारतात डोमेनसाठी वेगळा कायदा नाही, पण न्यायालयांनी रस्ता घालून दिलाय. 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात रेडिफ कंपनीनं ‘रॅडिफ डॉट कॉम’ घेणाऱ्याविरुद्ध दाद मागितली. एका अक्षराचा फरक होता. न्यायालयानं रेडिफच्या बाजूनं आदेश दिला आणि डोमेन नेमला ट्रेडमार्कइतकंच संरक्षण मिळायला हवं असं मानलं. 2004 मध्ये सत्यम इन्फोवे आणि सिफीनेट सोल्युशन्स यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ही भूमिका पक्की केली.

कोर्टाबाहेरचा मार्गही आहे. ‘डॉट कॉम’साठी 1999 पासून यूडीआरपी नावाची लवादाची पद्धत आहे, आणि ‘डॉट इन’साठी निक्सीची आयएनडीआरपी. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका लवादापुढे तक्रार करायची तर पाच नावांपर्यंत 1500 डॉलर शुल्क पडतं, आणि निकाल साधारण दोन महिन्यांत लागतो. यूडीआरपीत तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नाव आपल्या ट्रेडमार्कशी गोंधळ होण्याइतकं मिळतंय, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं नोंदवून वापरलंय. तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण. विकण्यासाठी पाठवलेला ईमेल, हुबेहूब नकललेलं पान, असा पुरावा लागतो. स्क्रीनशॉट तारखेसह आधीच काढून ठेवा, तक्रारीची कुणकुण लागली की पान बदलतं.

दुसरी गोष्ट मोठ्या कंपन्यांनाही नडते. ‘निसान डॉट कॉम’ हे नाव अमेरिकेतल्या उझी निसान यांनी आपल्या संगणक व्यवसायासाठी 1994 मध्ये घेतलं होतं. निसान हे त्यांचं आडनाव. मोटार कंपनीनं अनेक वर्षं खटला लढवला, पण नाव त्यांच्याकडेच राहिलं. कुलकर्णी, पाटील, जोशी अशी नावं आधीच कुणी घेतली असतील तर त्यांना जाब विचारता येणार नाही, हे त्यावरून उघड आहे.

देवनागरीत नाव घ्यावं का?

2014 पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं आणि त्याच्या डावीकडचं नावही मराठीत लिहिता येतं. डीएनएसला मुळात रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच कळतं. त्यामुळे देवनागरी नाव पडद्याआड ‘एक्सएन’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या एका रोमन ओळीत बदललं जातं. काही अ‍ॅपमध्ये लिंक पाठवली की तीच अगम्य ओळ दिसते आणि वाचणाऱ्याला ती फसवी वाटते. देवनागरी डोमेनवरचा ईमेल तर अजून कित्येक फॉर्म स्वीकारत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नही आहे, कारण ‘मिठाई’ कुणी ‘मीठाई’ लिहिलं की ते वेगळंच नाव होतं. मराठी नाव मराठीत असावं असं मलाही मनापासून वाटतं, आणि मागणी वाढल्याशिवाय ही गैरसोय दूर होणार नाही. आज मात्र रोमन नाव मुख्य ठेवून देवनागरी नाव तिकडे वळवणं शहाणपणाचं. दोन्हींचा खर्च मिळून एका छोट्या जाहिरातीपेक्षा कमी असतो.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप असताना कशाला?

सगळ्यांना डोमेन लागतंच असं नाही. घरगुती फराळाच्या ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील आणि तेवढाच व्याप ठेवायचा असेल, तर वर्षाचे हजार रुपये वाचवा. पण सोशल मीडियावरचं खातं कंपनीच्या मर्जीवर चालतं. ते चुकून बंद झालं तर ग्राहकांपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता उरत नाही, आणि तक्रार ऐकायला माणूस मिळत नाही. डोमेन असेल तर त्यामागचा सर्व्हर, होस्टिंग, एजन्सी सगळं बदललं तरी पत्ता तोच राहतो. स्वतःच्या नावाचा ईमेल हा दुसरा मोठा फायदा. कोटेशन पाठवणाऱ्या कारखानदाराला, पुस्तकं विकणाऱ्या प्रकाशकाला तो लागतोच. त्यासाठी वेबसाइट असायलाच हवी असंही नाही. डोमेनच्या नोंदींत एमएक्स नावाची नोंद असते, ती येणारी पत्रं कुठे पोचवायची ते सांगते. सोबत एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन नोंदी नक्की भरून घ्या. पत्र खरोखर तुमच्याच सर्व्हरवरून आलंय याची खात्री त्या देतात, आणि त्या नसल्या की तुमची बिलं ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात.

नाव सोडायचं असेल तर

धंदा बंद केला, संस्था विसर्जित झाली, नाव बदललं, की जुनं डोमेन सहज सोडून दिलं जातं. यात दोन धोके आहेत. शाळांची, मंडळांची मुदत संपलेली नावं सट्ट्याच्या आणि जुगाराच्या साइटवाले शोधून घेतात, कारण जुन्या नावाला गूगलमध्ये आधीच वजन असतं आणि इतरांच्या पानांवरून त्याकडे लिंक असतात. दुसरा धोका जास्त गंभीर. नवा मालक त्या डोमेनवर ईमेल सुरू करू शकतो, आणि मग तुमच्या जुन्या पत्त्यावर येणारं प्रत्येक पत्र त्याला मिळतं. बँक, जीएसटी पोर्टल, कुरिअर, जिथे जिथे तो ईमेल दिलेला असेल तिथून पासवर्ड बदलायची लिंक त्याच्याकडे जाते.

म्हणून आधी त्या डोमेनवरच्या ईमेलनी कुठे कुठे खाती आहेत याची यादी करा आणि तिथला पत्ता बदला. मग जुनं नाव आणखी दोन-तीन वर्षं चालू ठेवून सगळी पत्रं नव्या पत्त्यावर वळवा. वर्षभर एकही महत्त्वाचं पत्र आलं नाही, तरच पुढचं नूतनीकरण थांबवा.